पहाटेचा काटा

१६ फेब्रुवारी, सोमवार

डिझेल जातं कुठे? काल दुपारी धाकट्या दिराने, जेन्सनने, पिकअप अंगणात लावली, तेव्हा काटा अर्ध्यावर होता. मी स्वतः चावी फिरवून पाहिला. आज पहाटे तो फुलं घेऊन दादरला निघाला, तेव्हा मी मुद्दाम आत डोकावले – पाव टाकी! गाडी रात्रभर उभी. अंगणात फक्त कुत्रा. कुत्रा डिझेल पीत नाही, आणि जेन्सनवर भुंकतही नाही.

१७ फेब्रुवारी

पुन्हा तेच.

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

प्लासिडला सांगितलं, तुझा धाकटा भाऊ टाकीतून काढतोय. तो म्हणे, जुनी गाडी आहे, पीत असेल जास्त. उभ्या उभ्या? नवरा झाला तरी भावाच्याच बाजूने बोलणार.

माझ्या विहिरीवरची मोटर विजेवर चालते. पलीकडे जेन्सनच्या वाडीतला पंप मात्र डिझेलवर. यात न समजण्यासारखं काय आहे?

गाडी माझ्या नावावर आहे, पण मला चालवता येत नाही. इतकी वर्षं त्याच्याच भरवशावर फुलं बाजारात जातात. चावी काढून घेतली तर दोन घरांच्या मध्ये कुंपण पडेल. नाही घेतली तर मी मूर्ख. उपवासकाळ सुरू झाला. मांस सोडलं, संशय काही सुटत नाही.

२१ फेब्रुवारी

टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला. डिझेल भरायचं असेल तेव्हा मीच पेट्रोल पंपावर जाईन सोबत. जेन्सनने कुलूप पाहिलं आणि तसाच गाडीत जाऊन बसला. निर्दोष माणूस विचारणार नाही का, हे कशाला म्हणून?

२३ फेब्रुवारी

कुलूप जसंच्या तसं – आणि काटा खाली! म्हणजे खालून नळी सोडवतो. गाडीखाली वाकून पाहिलं. ग्रीस आणि माती, बाकी काही कळलं नाही. कंबर तेवढी धरली.

अलीकडे तोही माझ्याकडे टक लावून बघतो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

२५ फेब्रुवारी



संध्याकाळी वीज गेली. विहिरीपाशी उजेड हवा म्हणून पिकअपची चावी फिरवली. काटा अर्ध्यावर. पुढचे दिवे लावले – काटा सरकत सरकत पाव टाकीवर! दिवे बंद केले, परत अर्ध्यावर. इंडिकेटर लावला तर काटा त्याच्या तालावर डोळे मिचकावायला लागला.

दुपारी तो गाडी लावतो तेव्हा दिवे बंद. पहाटे निघतो तेव्हा दिवे चालू. एवढंच होतं. एवढंच! देवा, मी त्या पोराला मनातल्या मनात काय काय म्हटलं.

२६ फेब्रुवारी

सुमेध इलेक्ट्रिशियन येऊन गेला. काट्याचं आणि दिव्यांचं अर्थिंग एकाच बोल्टवर, आणि तो खाऱ्या हवेने गंजून गेलेला. घासला, नवी वायर टाकली. आता दिवे लावा, हॉर्न वाजवा, काटा हलत नाही. कुलूप मीच काढून टाकलं. लाज वाटते. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर जेन्सनला सगळं सरळ सांगणार.

१ मार्च, रविवार

सांगितलं. माफी मागितली. हसेल असं वाटलं होतं.

म्हणाला, “वहिनी, दुपारी मी अर्धी टाकी ठेवून जायचो, पहाटे ती तुझ्या अंगणात कमी व्हायची. किल्ली तर तुझ्याच कमरेला. मला वाटलं, तूच काढतेस. मला चोर ठरवून गाडीवरून हटवायला.”

कामणच्या एका गोदामात त्याने नोकरी धरलीय. उद्यापासून.