अंतिम सामना आणि दादाचा पायगुण

पुएर्तो रेमान्सो,
डिसेंबरचा पहिला मंगळवार

प्रिय एव्हारिस्तोदादा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. तिकडे तेलविहिरींवरचा वारा अजून तसाच आहे का, आणि तुझा गुडघा त्यात कसा आहे? मी विणलेला मफलर वापरतोस ना, की नेहमीसारखा कुणाला तरी देऊन टाकलास? इथे आम्ही सगळे खुशाल आहोत. बाबांचा खोकला गेला, तापटपणा होता तसाच आहे. क्लबच्या कँटीनमध्ये हल्ली इतकी गर्दी असते की माझ्या खिमा भरलेल्या एम्पानादा तळून होण्याआधीच लोक कच्च्या पळवतील अशी भीती वाटते.

रविवारच्या अंतिम सामन्यासाठी तू शनिवारच्या बसने येतो आहेस, हे वाचून मला किती आनंद झाला म्हणून सांगू! (हे मी मनापासून लिहिते आहे. पुढे काहीही वाचलंस तरी हे विसरू नकोस.) तुझी खाट अंगणाकडच्या खोलीत घालून ठेवली आहे. बाबा तर रोज बसस्टँडवर जाऊन शनिवारची बस शनिवारीच येते ना, अशी चौकशी करून येतात.

आपला एल फारो फुटबॉल क्लब पहिल्या श्रेणीत जाण्याच्या इतका जवळ कधी आलाच नव्हता, त्यामुळे राजधानीचे पत्रकार रोज इथे ठाण मांडून असतात. क्लबचे अध्यक्ष डॉन हेनारो (स्वतःच्या औषधाच्या दुकानात जेवढं खोटं बोलावं लागतं तेवढ्याने त्यांचं भागत नाही) त्यांना सांगत सुटले होते की आपला जांभळा रंग स्पेनच्या राजघराण्याचा आहे. मला राहवलं नाही. मी झारा हातात घेऊनच बाहेर आले आणि खरं ते सांगितलं: आजोबा जिनोव्हाचे पाववाले, त्यांचे मित्र बास्क गवळी, आणि नियम ठाऊक असलेला एकमेव माणूस म्हणजे तारऑफिसातला एक वेल्श साहेब, जो दुसऱ्याच महिन्यात बदली होऊन गेला. क्लब स्थापन करायच्या बैठकीत सगळे रंगावरून इतके भांडले की चेंडू आणायचा राहूनच गेला. शेवटी सीरियन कापडवाल्या अबूदने, उपासाच्या दिवसांत चर्चमधल्या मूर्ती झाकायला मागवलेल्या जांभळ्या कापडाचा उरलेला तागा पुढे केला आणि म्हणाला, "घ्या फुकट, पण आता घरी जा, मला दुकान बंद करायचंय." पहिल्याच पावसात रंग उतरला. अकराच्या अकरा जण जांभळे होऊन घरी गेले आणि आजीने आजोबांना आठवडाभर पांढऱ्या चादरीवर झोपू दिलं नाही. तेव्हापासून अख्खा प्रांत आपल्याला 'उपाशी' म्हणतो. त्यात कपाटात एकही करंडक नाही, त्यामुळे नाव अंगाला घट्ट बसलं. पत्रकारांनी हे सगळं लिहून घेतलं. डॉन हेनारो माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत, तेवढीच शांतता.

संघ म्हणशील तर तू गेलास तेव्हा होता तोच आहे. गोलकीपर पाराग्वायचा बेनीतेस, जो स्वतःच्या बचावपटूंशी त्याच्या ग्वारानी भाषेत भांडतो म्हणून कुणी उलटून बोलू शकत नाही. डाव्या बाजूला ते दोघे भाऊ, अजून अबोला धरलेले. चेंडू एकमेकांना देत नाहीत, मधल्या माणसाच्या हाती निरोप द्यावा तसा तिसऱ्याकडून पाठवतात. पगारी खेळाडू आहेत, पण वळण शाळेचंच! आणि हाच संघ, दादा, तू दक्षिणेची बस धरलीस त्याच्या पुढच्या रविवारपासून जिंकायला लागला.

आता आपली माणसं तुला ठाऊकच आहेत. एक सामना जिंकला, की त्या दिवशी ज्याने जे केलं ते मोसम संपेपर्यंत तसंच करायचं. तो पहिला रविवार थंडीचा होता, म्हणून डॉन हेनारो आज या डिसेंबरच्या उन्हाळ्यात लोकरी स्वेटर घालून बसतात आणि मध्यंतरात त्यांच्या डोक्यावर पाणी ओतावं लागतं. माझा या असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. (एप्रन मात्र तोच घालते. फाटला आहे, धुतलेला नाही. उगाच कशाला!) पण खरी शिक्षा झाली ती बाबांना. पहिला गोल झाला तेव्हा ते मैदानाकडे पाठ करून शेंगदाणेवाल्याशी खारटपणावरून हुज्जत घालत होते. झालं! तेव्हापासून कुंपणाजवळची त्यांची खुर्ची उलटी ठेवली आहे. लहानपणापासून ज्यांनी एक सामना चुकवला नाही, ते आपले बाबा सगळा मोसम प्रेक्षकांच्या तोंडाकडे बघत बसले आहेत. मी म्हटलं, "बाबा, एकदा तरी वळा." तर म्हणतात, "गप गं! मी वळलो आणि हरलो, तर गावात तोंड कुठे दाखवू?" रात्री मात्र मला विचारतात, तो गोल नक्की कसा गेला, डाव्या पायाने की उजव्या? मला धड सांगता येत नाही, आणि मग मलाच वाईट वाटतं. डॉक्टर म्हणाले आहेत की त्यांचे डोळे पुढच्या वर्षापर्यंत टिकतीलसं दिसत नाही. तुला आधी कळवलं नाही, रागावू नकोस.

तू येणार ही बातमी मी कँटीनमध्ये हर्षाने सांगितली. डॉन हेनारोंनी माते चहाचा घोट तसाच तोंडात धरला. बेनीतेसने अपशकुन टळावा म्हणून आधी टेबलाचं लाकूड धरलं, मग बाहेर जाऊन गोलचा खांब.

"कोण येतंय म्हणालीस? थांब, नाव घेऊ नकोस!" डॉन हेनारो घोट गिळून म्हणाले.

"नाव न घेता सांगू कसं? माझा भाऊ!"

"तोच तो! तो 'शाबास' म्हणाला आणि आपल्याच पोराने आपल्याच जाळीत चेंडू घातला. दोनदा!"

"आणि खांब पडला तो?" बेनीतेस म्हणाला. "माझ्या डोक्यात पडला, बाई."

मी तुझी बाजू खूप लढवली. खांब वाळवीने पडला, हे सगळ्यांना माहीत आहे. (तू नुकताच त्याला टेकला होतास, हेही सगळ्यांना माहीत आहे.) डॉन हेनारो म्हणाले, शनिवारी तुझ्या कॉफीत झोपेची गोळी घालू, दुकानात आहेतच. तेव्हा मात्र मी भडकले. म्हटलं, माझ्या भावाला पांढऱ्या पायाचा म्हणाल तर रविवारी एकालाही एम्पानादा मिळणार नाही. सगळे एकदम सभ्य झाले. मग एक तोडगा निघाला आणि तो सगळ्यांना पसंत पडला. त्याविषयी लिहिणारच होते, पण बसचा ड्रायव्हर पत्र आणि पुडकं न्यायला दारात उभा आहे आणि माते चहा पिऊन झाला की थांबणार नाही. तेव्हा इथेच पुरे करते. प्रवासात पाय मोकळे करत जा, वाटेत शिळं खाऊ नकोस, आणि लवकर ये. घर तुझ्यावाचून फार रिकामं वाटतं.

तुझी धाकटी,
देल्मिरा

ता. क. पुडक्यात हिरवा शर्ट आहे. तो मोलिनोसचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांचाच आहे, चुकून आलेला नाही. सोबतचं तिकीट त्यांच्या स्टँडातलं आहे. तिथे बसून तू मोलिनोसला मनापासून 'शाबास' म्हणायचं आहेस. मनापासून हं, दादा. अर्धवट म्हटलंस तर गुण यायचा नाही. क्लब तुझा जन्मभर ऋणी राहील, आणि बेनीतेस तुला मिठी मारणार आहे. (लांबून.)

ता. क. २. हे सगळं बाबांपासून लपवायचं ठरलं होतं, पण शर्ट शिवताना त्यांनी पकडलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. तर ते म्हणाले, "आपल्या स्टँडात मी पाठ करून बसायचं, एवढंच ना ठरलंय? त्यांच्या स्टँडाविषयी कुणी काही बोललं होतं का?" कुणीच बोललं नव्हतं. डॉन हेनारोंनी स्वेटरच्या बाहीला डोळे पुसले आणि मान्य केलं. तेव्हा पुडक्यात तिकिटं दोन आहेत. बाबांचा हिरवा शर्ट इथे तयार आहे. आरशासमोर उभे राहून 'मोलिनोस झिंदाबाद'चा सराव करतात, पण 'मोलि'च्या पुढे शब्द फुटत नाही.

ता. क. ३. उलटी खुर्ची रिकामी ठेवून चालणार नाही, म्हणून बाबांची टोपी घालून तिथे मी बसणार आहे. तेव्हा तू सगळं नीट बघ आणि मला घरी आल्यावर पहिल्यापासून सांग, पदरचं काही न घालता. आपला गोल झाला तर त्या हिरव्या गर्दीत तुम्ही दोघं उठू नका, ओरडू नका. बाबांचा हात तेवढा घट्ट धर, आणि त्यांना सांग, डाव्या पायाने की उजव्या.