ताई, तू बसली नाहीस

प्रिय ताई,

पत्र बघून घाबरशील, म्हणून आधीच सांगते, सगळे ठणठणीत आहेत. आईचे गुडघे सोडले तर, पण त्यांची बातमी ती स्वतःच गावभर देत असते. फोन केला असता, पण आमच्या घरात फोनवरचं बोलणं भिंतीपलीकडे ऐकू जातं. उद्या पुन्हा जमिनीची बैठक आहे, आणि आज मला तुझ्या एकटीशीच बोलायचंय.

आपल्या सुतारकामाच्या कारखान्यात नवं यंत्र आलं. आमचे हे आता तिथले मुकादम, त्यामुळे घरातही मुकादमच असतात. मी चादरीची घडी घातली तरी कोपरे जुळले का बघतात! माझी थोरली लेक तिथेच पॉलिशचं काम शिकतेय, पोटासाठी तिला घर सोडावं लागलं नाही. लाकूड आपल्या रानातलं, जमीन आपल्या सगळ्यांची, मालक कोणी एक नाही. त्या दारातून आत जाताना मला दरवेळी तू आठवतेस.

परवा थोरलीला आपली रीत समजावत होते. बैठकीत ज्याला मान्य नाही त्याने उभं राहायचं, बाकीच्यांनी त्याची समजूत काढायची. तो बसला की ठराव मंजूर, शेवटपर्यंत बसला नाही तर बारगळला. मग तुझी गोष्ट सांगितली. आपल्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची सामाईक जमीन घरटी वाटून घ्या, तुकडा नावावर करा, तारण ठेवा, विका, असं तो बाहेरून आलेला साहेब गोड गोड सांगत होता आणि सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. तू एकटी उठलीस. काकांनी समजावलं, मामांनी दटावलं, आमच्या ह्यांनी तर हात जोडले. बाबांनी स्वतः तुझ्यामागे खुर्ची सरकवली. तरी तू बसली नाहीस. मग कितीतरी दिवस तुझ्याशी कुणी धड बोललं नाही, आणि तू शहरात शिवणकामाच्या नोकरीला निघून गेलीस.

ताई, पलीकडच्या वस्तीने तेव्हा वाटणी करून घेतली आणि एकेक करून तुकडे विकले. आज तिथली माणसं स्वतःच्याच डोंगरावर दुसऱ्याच्या फाटकाशी गणवेश घालून पहारा करतात. आपला डोंगर अखंड राहिला म्हणून कारखाना उभा राहिला, हे आता बाबाही चारचौघांत मान्य करतात. तुला मात्र कळवायचं कुणाला सुचत नाही, म्हणून मी कळवते. आम्ही सुखाने दोन घास खातोय ते तुझ्यामुळे. तुझे उपकार फेडायची माझी ऐपत नाही, आणि फेडून मोकळं व्हायचंही नाही मला.

उद्याचा ठराव असा, की झऱ्यावरचं रान साठ वर्षांच्या कराराने एका कंपनीला द्यायचं आणि बदल्यात कारखान्याला मोठी शेड, पक्का रस्ता घ्यायचा. सगळे राजी आहेत. ठराव मांडणार आहेत आमचे हेच. माणूस वाईट नाही गं, पोरींच्या भल्याचंच बघतात. पण झरा एकदा कुंपणाआड गेला, तर तो परत मागायला आपल्यातलं कोण उरणार? घरात मी अजून अवाक्षर काढलेलं नाही. तुझ्या जाड तळाच्या चपला तू इथेच विसरली होतीस, त्या आज माळ्यावरून काढून पुसून ठेवल्यात. मला जरा सैल होतात. उद्या त्याच घालून जाणार आहे, कारण बराच वेळ उभं राहावं लागेल.

तुझीच,
धाकटी