काळी बरी की निळी

३ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी.
आजपासून रोज लिहायचं. काम तसं मोठं आलंय.

मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे वाकायचं नाही, बारीक काम करायचं नाही, काळा चष्मा काढायचा नाही. म्हणजे दुकान आता माझ्याकडे. खाली गिटार दुरुस्ती, वर खोली, खोलीत मामा, आणि दोन महिन्यांपासून मी. याआधीची तीन शहरं आणि अडीच नोकऱ्या याचीच तयारी होती, असं आता लक्षात येतं.

दुपारी.
मॅडम आल्या. मोठ्या वादक. दोन इलेक्ट्रिक गिटार ठेवून गेल्या, एक काळी, एक निळी. दोन्ही हातानं घडवलेल्या, ऑर्डर देऊन वर्षभर थांबल्यावर मिळतात त्यातल्या. मी हात धुऊन आलो.

दीड वर्षापूर्वी गाडीच्या दारात मॅडमच्या डाव्या हाताची करंगळी मोडली. तेव्हापासून स्टेज बंद. येत्या २४ला पहिला कार्यक्रम, मग तीन आठवडे दौरा. एकच गिटार नेणार. कोणती, ते ठरत नाही. म्हणाल्या, वाजवताना सगळं लक्ष करंगळीकडे जातं, आवाज ऐकूच येत नाही. दुसऱ्या कुणी नीट वाजवून लिहून द्यावं, टोन कोणाचा चांगला आणि हाताला सोपी कोणती.

मामा म्हणाले, भाचा लिहील. मॅडम गेल्यावर मला म्हणाले, वाजव आणि लिही, एवढंच. एकाही स्क्रूला हात लावू नकोस.

मॅडम निघताना मी विचारलं होतं, दौऱ्यावर गिटारी सांभाळायला माणूस लागत असेल ना. म्हणाल्या, बघू.

म्हणजे पक्कं.

४ ऑक्टोबर
आईला फोनवर सांगितलं, दौऱ्यावर जातोय. तिनं विचारलं, कोणाबरोबर, परत कधी, आणि मामांच्या डोळ्यात थेंब कोण घालणार. मुद्द्याचं एकही विचारलं नाही.

तक्ता आखला. रकाने: टोन, पकड, वजन, स्वभाव. रेषा सरळ येईनात. पट्टी शोधताना जुना टेप रेकॉर्डर सापडला. तो उघडला. संध्याकाळ झाली.

६ ऑक्टोबर, गुरुवार
प्रत्यक्ष तुलना सुरू. काल तयारी केली (टेप रेकॉर्डर बंद करणे).

काळी: जड. अर्ध्या तासात खांदा बोलायला लागला. मान जाड, तळवा भरतो. एक सूर छेडला, पाणी प्यायला गेलो, परत आलो तरी तो होताच. आवाज भरदार, उबदार. चुका झाकते.

निळी: हलकी. मान सडपातळ, अंगठा पटकन दमतो. सूर टणक, स्वच्छ, लगेच विरतो. कॉर्ड धरला तर सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू येतात. चुका झाकत नाही, उलट चुगली करते.

वरून मामांनी हाक मारली, चांगलं चाललंय, असंच लिही.

वाचून पाहिलं. फारच सोपं वाटलं. असं तर कुणीही लिहील.

७ ऑक्टोबर
बोटांची टोकं बधिर. टेबलावर आपटून पाहिली. काही कळलं नाही.

९ ऑक्टोबर, रविवार
मोठा शोध लागला. ही तुलना मुळात न्याय्यच नाही.

काळीवर एका जाडीच्या तारा, निळीवर दुसऱ्या. दोन्हींवर खालच्या दोन बारीक तारा आणखी बारीक, कुठल्याच सेटमध्ये न बसणाऱ्या. त्या तारांची मानेवरच्या फ्रेटच्या पट्ट्यांपासूनची उंचीही विचित्र. चार तारा नीट वर, या दोन जवळजवळ लोळतायत. दोन्ही गिटारींवर तीच चूक. मामांनीच लावल्यात. बिचाऱ्यांना मोतीबिंदू. दिसलं नसणार.

मामांना सांगून दुखवायचं नाही असं ठरवलं. घरातलं माणूस आहे.

१० ऑक्टोबर
स्क्रूला हात लावू नकोस याचा अर्थ उगाच लावू नकोस. मी उगाच लावणार नाही.

१२ ऑक्टोबर, बुधवार
दोन्ही गिटारींना नव्या, एकाच सेटच्या तारा. उंची पट्टी लावून समान, सहाही तारा एका रेषेत. निळीची मान खोलली (चार स्क्रू, लगेच निघतात). सांध्यात कागदाची घडी घातलेली सापडली. एवढ्या भारी गिटारीत कागद. त्यावर पेन्सिलीनं मुंगीएवढे आकडे. काढून टाकली, सांधा स्वच्छ पुसला.

मामांनी वरून विचारलं, आज गिटार वेगळी का लागतेय. म्हटलं, हवा. थेंब घालायची वेळ झाली होती, घातले. एक थेंब गालावर गेला.

१३ ऑक्टोबर
आता अँपचा प्रश्न. काळीला बास जास्त, निळीला ट्रेबल जास्त, हाही पक्षपातच. म्हणून काळीसाठी बास कमी केला, निळीसाठी ट्रेबल कमी. तारांखालचे आवाज पकडणारे पिकअपही वरखाली करून सारखे आणले. दिवसभर.

संध्याकाळी डोळे मिटून दोन्ही वाजवल्या. कोणती कोणती ते मलाच कळेना. तुलना इतकी अचूक झाली की फरकच उरला नाही.

मामांच्या आयुष्यात कुणी हे केलं नसेल.

१५ ऑक्टोबर, शनिवार
अहवाल चौदा पानं. त्यातली पाच पानं प्रस्तावना. निष्कर्ष सातव्या पानावर: दोन्ही तुल्यबळ, निवड कलावंताच्या मनावर. बॅग भरली. तीन शर्ट, चार्जर. दौऱ्यावर घालायला गळ्यातलं ओळखपत्र बनवायला घेतलं. अक्षरं मोठी झाली, नाव मावलं नाही.

आईचा फोन. उचलला नाही. काही विशेष कारण नाही.

१७ ऑक्टोबर, सोमवार
सगळं क्रमानं लिहितो.

मॅडम अकराला आल्या. अहवाल दिला. चाळला नाही, बाजूला ठेवला. काळी घेतली, वाजवली. दोन मिनिटांत थांबल्या. निळी घेतली. तीही थांबवली. म्हणाल्या, दोन्ही सारख्याच लागतात.

मी म्हटलं, थँक यू.

त्या उजव्या हातानं डावी करंगळी दाबत बसल्या. मग पुन्हा प्रयत्न केला, बारीक तारेवर. बोट दाबलं जाईना, सूर खरखरला. तीनदा. मामा एव्हाना जिना उतरून खाली आले होते, काळा चष्मा लावून, कठडा धरून. मॅडम त्यांना अगदी हळू म्हणाल्या, मागच्या महिन्यात जमत होतं हो. बोट परत गेलं माझं. मी आपली मनाची समजूत घालत होते. कार्यक्रमवाल्यांना जमणार नाही म्हणून कळवते आजच.

मामांनी काळी मांडीवर घेतली. डोळ्यांनी पाहिलीच नाही. नुसता अंगठा फिरवला तारांवरून, एकदा. मग निळीवर. मग माझ्या दिशेला तोंड करून विचारलं, निळीच्या मानेतला कागद कुठाय.

मी म्हटलं, कुठला.

म्हणाले, करंगळीत जोर नाही त्यांच्या. खालच्या दोन तारा फुलासारख्या दाबल्या जाव्यात म्हणून तू यायच्या आधी चार महिने लावलेत मी. त्यांना समोर बसवून, रोज केसाएवढं. दोन्हींची मापं त्या कागदावर होती.

कचऱ्याची गाडी शुक्रवारी येऊन गेली होती.

मॅडम कोणाकडेच बघत नव्हत्या. बघत होत्या करंगळीकडे. मामा त्यांना म्हणाले, बाई, बोट जागेवर आहे तुमचं. गिटार बिघडलीय. माझ्या दुकानात बिघडली, चूक माझी.

या वेळी मी बोलायला हवं होतं असं एखाद्याला वाटेल. पण दोन मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालू नये असं आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात. मी अँपची वायर गुंडाळली. ती आधीच गुंडाळलेली होती.

काही वाटलं नाही. वाटेल असं वाटत होतं.

१८ ऑक्टोबर
मामा टेबलाशी वाकून बसलेत. डॉक्टरांनी वाकायला मनाई केलीय, हे मी सांगितलं. म्हणाले, दिवा जवळ आण. मॅडम समोरच्या खुर्चीत. मामा स्क्रू पाव फेरा फिरवतात, त्या दाबून बघतात, मान हलवतात. नाही. पुन्हा पाव फेरा. मापं नाहीत, तेव्हा हेच. चार महिन्यांचं काम, हातात सहा दिवस. मामा म्हणाले, दोन्ही होणार नाहीत. हलकी घेतो, खांद्याला बरी. म्हणजे निळी.

अशा रीतीनं माझ्या प्रश्नाचा निकाल माझ्याशिवाय लागला.

मी चहा केला. मॅडमनी साखर मागितली. दिली. थँक यू म्हणाल्या. मला राग अपेक्षित होता, त्याची तयारी करून ठेवली होती. कुणी मागितला नाही.

२० ऑक्टोबर, गुरुवार
निळीच्या सांध्यात पुन्हा घडी हवी होती. मामांनी हाताला लागला तो कागद ओढला आणि फाडला. अहवालाचं सातवं पान. घडी घालून बोटांत चाचपली, म्हणाले, जाडी बरोबर आहे.

दुपारी मॅडमनी बारीक तारेवर करंगळी ठेवली आणि सूर निघाला. टणक, स्वच्छ. त्यांनी तोच सूर पंचवीस-तीस वेळा वाजवला. मामांनी चष्म्याखालून डोळा पुसला. मी विचारलं, औषध घालू का. म्हणाले, औषध नको.

२२ ऑक्टोबर, शनिवार
दौऱ्यावर गिटार सांभाळायला माणूस लागतोच, माझा अंदाज बरोबर होता. मामा चालले. डॉक्टरांनी थेंबांची वेळ कागदावर लिहून दिलीय, थेंब मॅडम घालणार आहेत. मामांची पिशवी फाटकी निघाली, म्हणून माझी बॅग दिली. शर्ट काढून घेतले. चार्जर आत राहिला.

जाताना सांगितलं, नऊला उघड, सातला बंद कर. बाकी काही सांगितलं नाही. स्क्रूबद्दल तर काहीच नाही. किल्ल्या हातात ठेवताना बोट दोन क्षण माझ्या हातावर राहिलं. त्याचा अर्थ काय ते उद्या लिहीन.

२५ ऑक्टोबर
आईचा फोन. काल कार्यक्रम छान झाला म्हणे, मामांनी तिला कळवलं. तिनं विचारलं, तू कुठं होतास, मला वाटलं तू स्टेजजवळ असशील. म्हटलं, इकडची बाजू सांभाळायला कुणीतरी लागतंच. आई बराच वेळ हं म्हणाली.

२७ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ११.
नऊला उघडलं. पाच दिवसांतलं पहिलं गिऱ्हाईक आलं. साधी गिटार, एक तार तुटलेली, तेवढी घालून हवी होती. त्यानं विचारलं, मालक आहेत का. म्हटलं, दौऱ्यावर आहेत. विचारलं, कधी येतील. म्हटलं, तीन आठवड्यांनी. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग गिटारकडे पाहिलं, पिशवीत परत घातली, चेन लावली.

म्हणाला, थांबतो मी.