गोठ्यापाशी हळू

मळवली,
१२ जानेवारी २०२५

ती. प्रदीपमामांस,
सविनय जयभीम, वि. वि.

इकडे सगळे मजेत. थंडीने आईचे गुडघे कुरकुरतात, त्यांच्या जोडीने तीही कुरकुरते, पण भाकरी वेळेवर मिळते. तुमची तब्येत कशी आहे? प्रतीक्षाताई सांगत होती, कानाचं मशीन तुम्ही डबीतच ठेवता आणि अकोल्यातले तुमचे शेजारी म्हणतात, ताईचे वडील फार गर्विष्ठ आहेत, हाक मारली तरी वळून बघत नाहीत.

आता मुद्द्याचं. गॅरेजला कुलूप लावून तुम्ही लेकीकडे गेलात, तेव्हा बाकाखाली जुन्या मोटारसायकलचं टू-स्ट्रोक इंजिन गोणपाटात गुंडाळून ठेवलं होतं. आईकडच्या दुसऱ्या किल्लीने कुलूप उघडून ते मी न विचारता काढलं आणि माझ्या कार्टवर, म्हणजे शर्यतीच्या छोट्या चारचाकीवर, चढवलं. रागवायचं असेल तर पत्रातून रागवा. लोणावळ्याचा एक क्लब नऊ मार्चला शेजारच्या भाजे गावात कार्टची शर्यत भरवतोय. तिथल्या अंबूबाईंची भाताची खाचरं रिकामी आहेत, त्यांचे बांध काढून मातीचा रस्ता आखलाय. मी नाव दिलंय.

तुमच्या गॅरेजची जागा चिक्कीच्या दुकानासाठी आदिनाथला द्यायची ठरली, असं आई म्हणाली. ऐकू येत नाही तर इंजिन सुरात कसं लावणार, असं तुमचं म्हणणं आहे म्हणे. मामा, शर्यतीपर्यंत किल्ली देऊ नका. अकोल्यात बसून, काही न ऐकता, हे इंजिन लावून दाखवा. जमलं तर परत या. गॅरेज बंद बघवत नाही, हे खरं कारण.

इंजिनात पेट्रोल नीट जळतंय का ते स्पार्क प्लगच्या रंगावरून कळतं ना? फोटोत तो रंग खरा येत नाही, म्हणून प्लगच पाठवते आहे. डबी आईच्या गोळ्यांची आहे, ती परत हवी.

लोभ आहेच; राग असेल तर तो पुढच्या पत्रात संपवून टाका.

तुमची,
यशोधरा


अकोला,
२० जानेवारी २०२५

चि. यशूस,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

न विचारता इंजिन नेतेस आणि वर मलाच अटी घालतेस. अगदी आईवर गेली आहेस.

चाळीस वर्षं मी इंजिन कानाने लावलं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, की काय दुखतंय ते इंजिनच सांगायचं. आता ते माझ्याशी बोलत नाही. पण डबी उघडली आणि घरात पेट्रोलचा वास सुटला, तेव्हा बरं वाटलं, हे कबूल करतो. प्रतीक्षाने खिडक्या उघडल्या, मी परत लावून घेतल्या.

प्लग काळाकुट्ट आहे. म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. कार्बोरेटरमधलं जेट, ज्याच्या बारीक भोकातून पेट्रोल येतं ते, एक नंबर लहान बसव. तरी काळाच राहिला तर आणखी एक लहान. पण जपून. त्या सिलिंडरचं शेवटचं बोअर झालेलं आहे, आतून आणखी घासून तो दुरुस्त करता येणार नाही. पेट्रोल कमी पडून तो तापला आणि पिस्टन चिकटला, की इंजिन भंगारात. दुसरा सिलिंडर मी शोधून थकलो, मिळत नाही.

किल्ली शर्यतीपर्यंत ठेवतो. इंजिन जिंकलं तर बघू. चिकटलं, तर ती आदिनाथला तू स्वतः नेऊन द्यायची.

आईला सांग, डबी परत पाठवली आहे, वासाची जबाबदारी माझी नाही.

तुझा,
बहिरा मामा


मळवली,
३ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
सविनय जयभीम, वि. वि.

काल फार घाबरले, म्हणून आधी तेच लिहिते. तुम्ही सांगितल्याप्रमाणे जेट लहान केलं. प्लग काळाच, म्हणून आणखी एक लहान केलं. गाडी पळायला लागली, मी खूश. काल खाचरातल्या लांब सरळ पट्टीवर, पुऱ्या वेगात, इंजिनाचा आवाज एकदम बारीक झाला आणि मागून कुणी ओढून धरावं तशी कार्ट अडली. मी क्लच दाबला. नशीब, इंजिन मोकळं झालं.

गंमत म्हणजे प्लग अजून काळाच आहे. सोबत पाठवते. पेट्रोल जास्त असेल तर इंजिन असं आवळेल कशाला? मला काही सुचत नाही.

आदिनाथ परवा गॅरेजच्या दाराला टेप लावून माप घेत होता. त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

तुमचा लोभ आत्ताच जास्त लागणार आहे.

तुमची,
यशोधरा


अकोला,
१० फेब्रुवारी २०२५

चि. यशूस,
जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वाटलं, संपलं आपलं. समोर असतो आणि कान असते, तर आवाज बारीक होण्याआधीच थांबवलं असतं. तिरीमिरीत आदिनाथला पत्र लिहिलं, जागा घे, माझी हरकत नाही म्हणून. ते अजून खिशात आहे.

प्लग फेकून देणार होतो. हातात घेतला तर बोटाला काजळी लागली, कोरडी, पावडरीसारखी. पुसून पाहिली. खाली चिनी मातीचा भाग पांढरा फटफटीत. प्रतीक्षाकडून भिंग मागून घेतलं आणि खिडकीत बसलो. ती म्हणाली, सोनाराकडे नोकरी लागली का.

यशू, हा प्लग दोन गोष्टी सांगतोय. पांढरा रंग वेगातला आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. वरची काजळी रेंगाळण्याची आहे. तेव्हा पुऱ्या वेगात असल्यापासून इंजिन बंद करेपर्यंत मधे तू काय काय करतेस, ते सविस्तर लिही. तोवर कार्ट चालवू नकोस.

तुझा,
मामा


मळवली,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
सविनय जयभीम, वि. वि.

मधे काय करते हे लिहायला लाज वाटते. मामा, मी म्हशीसाठी हळू जाते.

लांब पट्टी संपते तिथेच अंबूबाईंचा गोठा आहे आणि त्यांची म्हैस नुकतीच व्यालेली. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, की गाडी कितीबी पळव, पर गोठ्यापाशी हळू जा, म्हस बुजली तर पान्हा चोरती. ज्यांच्या खाचरात आपण माती उडवतो त्यांचं एवढं तरी ऐकायला हवं. म्हणून मी गोठ्यापासून गाड्या उभ्या करायच्या आमच्या मांडवापर्यंत कार्ट अगदी डुगडुगत आणायची, मग इंजिन बंद, मग प्लग काढायचा. इतके दिवस तुम्ही अकोल्यात बसून म्हशीच्या आदराची काजळी वाचत होता.

तुम्ही चालवू नकोस म्हणालात, पण एक पट्टी चालवली. पुऱ्या वेगात असतानाच इंजिन बंद केलं, क्लच दाबला आणि गोठ्याच्या अलीकडे थांबले. तिथून मांडवापर्यंत कार्ट ढकलत आणली. अंबूबाईंनी विचारलं, का गं, पेट्रोल सपलं व्हय? प्लग खडूसारखा पांढरा निघाला. सोबत आहे.

म्हैस आणि मी, दोघींना माफ करावं.

तुमची,
यशोधरा


अकोला,
२१ फेब्रुवारी २०२५

चि. यशूस,
जयभीम.

पांढरा प्लग मिळाला. आणखी एखादी फेरी मारली असतीस तर सिलिंडर गेला असता. मूळचं जेट होतं त्याहून एक नंबर मोठं बसव. तिकडची सकाळची हवा थंड, तिला पेट्रोल जास्त लागतं. मग परत वेगातच बंद करून बघ. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग आला की कशालाही हात लावू नकोस.

आणि एक. कान असते तर मी प्लगकडे इतकं निरखून बघितलंच नसतं. हे मला इथे खिडकीत कळलं.

आदिनाथचं पत्र फाडलं. पण इंजिन अजून जिंकलेलं नाही, लक्षात ठेव.

तुझा,
मामा


मळवली,
१० मार्च २०२५

ती. मामांस,
सविनय जयभीम, वि. वि.

मामा, जिंकलो. आधी हे लिहून टाकते, मग बाकीचं.

लोणावळ्याचा निलेश कोरं करकरीत इंजिन घेऊन आला होता. पट्टीवर मी त्याला गाठायची आणि गोठा आला की तो निसटायचा. प्रत्येक फेरीत हेच. इंजिन ठणठणीत होतं, दोष माझ्या पायाचा. गोठा दिसला की तो सवयीने उचलला जायचा. अंबूबाईंनी म्हैस आणि रेडकू आदल्या दिवशीच लेकीकडे नेलं होतं, मला माहीत होतं, पण पायाला कोण सांगणार? शेवटच्या फेरीत अंबूबाई स्वतः गोठ्याच्या दारात आल्या आणि पदर हलवत ओरडायला लागल्या, की म्हस न्हाई हितं, जा की आता. मी पाय दाबून धरला. इंजिन एका सुरात ओरडत राहिलं, कुठे बारीक झालं नाही, कुठे अडलं नाही, आणि गोठ्यापाशीच निलेश मागे पडला.

रेघ ओलांडली आणि वेगातच इंजिन बंद केलं. लोकांना वाटलं, गाडी मोडली. आयोजक हार घेऊन उभे आणि मी पाना घेऊन प्लग काढतेय. तोच सोबत आहे. रंग तुम्हीच बघा.

इंजिन कुणी लावलं, असं सगळे विचारत होते. माझ्या मामांनी, ते अकोल्यात असतात, त्यांना ऐकू येत नाही, असं मी सांगितलं. कुणाचा विश्वास बसेना. निलेशने तर स्वतःचा प्लग काढून माझ्या हातात दिला, मामांना दाखव म्हणाला. तोही डबीत आहे. आदिनाथने टाळ्या वाजवल्या आणि मग हळूच किल्लीचं विचारलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं. आपल्या घराण्यातच आहे ते.

आता तुम्ही काय ठरवता, याच्याकडे डोळे लावून बसले आहे.

तुमची,
यशोधरा


अकोला,
१५ मार्च २०२५

चि. यशूस,
जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

प्लग मिळाला. रंग बिस्किटाचा, काठापासून बुडापर्यंत एकसारखा. इतका सुरेख प्लग मी कान असतानाही काढला नव्हता. प्रतीक्षाला वाटलं मी रडतोय. आधी पेट्रोलच्या वासाने डोळे चुरचुरतात म्हणालो, मग म्हटलं, व्हय, रडतोय.

निलेशला सांग, त्याचा प्लग काळा आहे, आणि त्याच्याकडे म्हशीचं निमित्तही नाही. मोठ्या जेटचा शौक सोड म्हणावं. अंबूबाईंच्या म्हशीला माझ्यातर्फे पेंड घाल.

आदिनाथला मी स्वतः कळवलंय, दुसरी जागा बघ म्हणून. सोमवारच्या गाडीने निघतो. तोवर गॅरेजच्या दारावर पाटी रंगवून घे. अक्षरं मोठी, लांबून दिसतील अशी:

मालकाला ऐकू येत नाही.
आवाज कसा येतो ते सांगत बसू नये.
प्लग काढून दाखवावा.

बाकी सगळं भेटीअंती.

तुझा मामा,
प्रदीप मेकॅनिक, मळवली