नऊ दारांच्या सुतळ्या

माय, यंदाच्या दिवाळीत मी तुझ्या त्या कोठीत समोरच्या दारानं गेले, तिकीट काढून. अकोल्याच्या जिनिंगवाल्या शेठची कोठी. तू डोक्यावर झेंडूचं टोपलं घेऊन, मला मागं मागं चालवत, दर दिवाळीला जिच्या मागच्या फाटकातून आत शिरायचीस, तिचं आता संग्रहालय झालं आहे. शेठची नातवंडं-पतवंडं पार बाहेरदेशी गेली, कोठी एका ट्रस्टकडे आली, आणि ट्रस्टनं ती रंगवून-सवरून लोकांना बघायला खुली केली. दिवाळीचे पंधरा दिवस ती जुन्या वेळेसारखी सजवतात, असं पेपरात वाचलं. राजापेठेतला माझा शिकवणीचा क्लास सुट्टीचा बंद होता. घरात सांगितलं की जरा अकोल्याला जाऊन येते, आणि मूर्तिजापूरवरून जाणारी सकाळची बस धरली. तुला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत मी त्या रस्त्यालासुद्धा कधी वळले नव्हते.

खोटं कशाला सांगू, छान केलं आहे त्यांनी. फरशी अशी घासली आहे की तिच्यावरचे वेलबुट्टे मला पहिल्यांदाच धड दिसले. दिवाणखान्यात पितळी समया, अंगणात आकाशकंदील, स्वयंपाकघरात चुलीपाशी नऊवारी नेसवलेली एक बाहुली बसवली आहे आणि तिच्यापुढं परातीत प्लास्टरच्या करंज्या. लोक करंज्यांबरोबर फोटो काढत होते. मी आपली दारं बघत होते. माय, नऊच्या नऊ दारांना प्लास्टिकचा झेंडू! केशरी, चकचकीत, धुवून पुन्हा लावता येईल असा. तेही सोडून दिलं असतं, पंधरा दिवस खरी फुलं कोण टिकवणार. पण दर्शनी दाराशेजारी एक पाटी होती, चौकटीत बसवलेली: ‘दिवाळीत घरातील स्त्रिया स्वहस्ते तोरणे ओवीत असत.’ मी ती तीनदा वाचली आणि माझ्या डोक्यात सणक गेली.

स्वहस्ते म्हणे! शेठच्या बाईसाहेबांनी हातात सुई धरलेली मी जन्मात पाहिली नाही. त्या पडवीत खुर्ची टाकून बसायच्या आणि ‘डावीकडं जरा वर घे’ एवढं सांगायच्या. शिडीवर तू असायचीस, तोंडात दोन खिळे, पदर कमरेला खोचलेला. बार्शीटाकळीच्या आपल्या मळ्यातला झेंडू तू पहाटे तोडायचीस, दुपारभर ओसरीत बसून दाभणानं ओवायचीस. तुझ्या अंगठ्याला दिवाळीनंतर महिनाभर घट्टा पडलेला असायचा, आणि मी रात्री तुझा हात उशाला घेतला की तो माझ्या गालाला टोचायचा. ती पाटी वाचताना मला तो गालच आठवला.

कार्यालयात एक पोरगी होती, तिशीच्या आतली, पुण्याकडची. संग्रहालयाचं सगळं तीच बघते. बिचारी मऊ बोलली. म्हणाली, “काकू, कुटुंबाकडून जी माहिती आली तीच आम्ही लिहिली आहे. तुमच्याकडे काही आहे का? एखादा फोटो, चिठ्ठी, काहीही? म्हणजे मला ट्रस्टींपुढं ठेवता येईल.” आता दिवसभर क्लासात पोरांना ‘मले’ नाही ‘मला’ म्हण, ‘काहून’ नाही ‘का’ म्हण, असं शिकवणारी मी, पण रागात माझी जीभ सरळ मळ्यात गेली. “पुरावा कायचा पायजे वो तुमाले? माह्या मायनं केले हे सारे तोरणं! मी टोपलं धरून उभी राहत होती इथं, याच पायरीवर!” बाहेरचे लोक डोकावून बघायला लागले. पोरगीचं तोंड एवढंसं झालं. तिनं पाण्याचा ग्लास पुढं केला आणि हळूच म्हणाली, “पण काकू, मी लिहू कशाच्या आधारावर?” तिचं चूक नव्हतं. तुझा फोटो कोण काढणार होतं, आणि तुला चिठ्ठी कोण लिहिणार होतं, तुला वाचता येत नव्हतं. मी पाणी न पिताच निघाले. पण पायरी उतरताना मनाशी पक्कं केलं, की ही पाटी उतरवल्याशिवाय मी काही गप्प बसत नाही.

बसमध्ये मूर्तिजापूर मागं पडलं आणि मला सुतळ्या आठवल्या. तुझ्या माघारी तुझी पत्र्याची पेटी माझ्याकडं आली, तिच्यात तळाशी त्या होत्या, आणि मी त्या टाकल्या नव्हत्या एवढंच. घरी आले, चपलासुद्धा न काढता माळ्यावर चढले. नऊच्या नऊ निघाल्या. तुझं सगळं मोजमाप त्यांच्यात. प्रत्येक दाराची एक सुतळी, दाराच्या रुंदीएवढी आणि वर झोळाची जास्त, आणि जिथं जिथं चौकटीवर खिळा, तिथं तिथं सुतळीला एक गाठ. ओसरीत सुतळी पसरायची, तिच्या बाजूनं माळ ओवत जायची, गाठ आली की आंब्याच्या पानांचा झुबका घालायचा. अकोल्यात शिडी लावली की झुबका बरोब्बर खिळ्यावर. कोणती सुतळी कोणत्या दाराची, ते चिंधीवरून. देवघराला लाल, स्वयंपाकघराला हळदी रंगाची, दर्शनी दाराला तुझ्या हिरव्या लुगड्याची.

हिरवी चिंधी हातात आली आणि मी तिथंच माळ्यावर बसले. कारण त्या सुतळीचं मला माहीत होतं, आणि माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं, असं मी चाळीस वर्षं धरून चालले होते. मी नऊ वर्षांची. दिवाळीच्या आदल्या दुपारी तू मळ्यात पानं आणायला गेली आहेस, सुतळ्या ओसरीत खुंटीवर लटकत आहेत. मी कातर घेते आणि हिरव्या सुतळीचं टोक दोन विती कापते. माझ्या दप्तराचा बंद तुटला होता, तू रोज ‘उद्या बांधून देतो’ म्हणायचीस, त्याला ते लावलं. मग तू आलीस, सुतळी पसरलीस आणि घाईत तशीच माळ ओवलीस.

दुसऱ्या दिवशी कोठीत तू शिडीवर, मी खाली. सहा खिळ्यांवर माळ बसली आणि सातव्या खिळ्याच्या अलीकडंच संपली. तू एकदा माळेकडं बघतेस, एकदा खिळ्याकडं. बाईसाहेब खुर्चीतून उठल्या. “इतकी वर्षं करतेस, आणि नेमकं दर्शनी दाराचंच तोरण तोकडं? लक्ष कुठं होतं तुझं? लक्ष्मी काय उघड्या खिळ्यावरून येणार आहे?” पाहुणे उभे होते, घरची पोरं फिदीफिदी हसली. तू शिडीवरूनच म्हणालीस, “माहीच नजर चुकली, बाईसाहेब.” मग खाली उतरलीस, टोपल्याच्या तळाशी फडक्यात गुंडाळून ठेवलेली, उरल्या फुलांची आपल्या घरच्या दाराची माळ काढलीस, उसवलीस आणि तिकडं जोडलीस. त्या दिवाळीला आपलं दार उघडं राहिलं. मी घरी येऊन रडले, तर तू चुलीपुढून म्हणालीस, “काहून रडून राहिली वो? आपल्या दाराले कोण पाह्यते? पुढच्या साली करू मोठ्ठं.” पुढच्या साली तू केलंस की नाही, मला आठवत नाही. मला फक्त तो उघडा खिळा आठवतो.

म्हणून माळ्यावर बसून मी एकदा असाही विचार केला, की आठच सुतळ्या न्याव्यात. आठ दारं जुळली की झालं, नववी हरवली म्हणता येईल. मग मलाच माझी लाज वाटली. तुझं नाव लावायला जायचं आणि तिथंही लपवालपवी करायची! भाऊबीज आटोपली आणि मी नऊही पिशवीत घालून पुन्हा बस धरली.

पोरगीनं शिडी आणवली, पहारेकरी वर चढला. रंगाखाली बुजलेले खिळे तिलाही ठाऊक नव्हते, नखानं खरवडल्यावर दिसले. देवघराच्या दाराला लाल चिंधीची सुतळी लावली. गाठ, खिळा. गाठ, खिळा. पहारेकरी वरून ओरडला, “मॅडम, जसीच्या तसी बसून राहिली ना हे!” स्वयंपाकघर बसलं, माजघर बसलं, जिन्याचं बसलं. आठवं दार होईपर्यंत ती पोरगी माझा हात धरून चालत होती आणि फोनवर प्रत्येक दाराचा फोटो काढत होती. मग दर्शनी दार. सहा गाठी, सहा खिळे, आणि सातवा उघडा. पहारेकरी टोक ताणून बघायला लागला. पोरगी थांबली, चेहरा पडला तिचा. “काकू, ही एक कदाचित दुसऱ्या घराची असेल. आणि दर्शनी दारच जुळलं नाही, तर ट्रस्टी...”

“याच घराची आहे,” मी म्हटलं. “मी कापली होती. लहान होते, समजत नव्हतं.” आणि पायरीवर उभं राहून, तिला आणि पहारेकऱ्याला, आणि करंज्या बघायला आलेल्या दहाबारा अनोळखी माणसांना मी सगळं सांगितलं, तोकडं तोरण, बाईसाहेबांचं बोलणं, सगळं. पहारेकऱ्यानं सुतळीचं टोक डोळ्यांजवळ नेलं. “पन मॅडम, या टोकाले दोन गाठी काहून हायेत? बाकी साऱ्याईच्या टोकाले तं एकच हाये.”

खरंच होत्या. कापलेल्या टोकावर, एकमेकींना चिकटून, तुझ्या हातच्या दोन घट्ट गाठी. मी वरवर पाहून घडी घातली होती, नीट बघायचं धाडस झालं नव्हतं. मी शिडीवर चढले, माय, या वयात, गुडघे दुखत असताना. शेवटच्या गाठीपासून वीत टाकली, एक, दोन, आणि बोट सातव्या खिळ्यावर टेकलं. दोन गाठी म्हणजे दोन विती जास्त. तू त्या टोकाकडं पाहिलं होतंस. तुला कळलं होतं, की तुझी नजर चुकली नव्हती, कोणीतरी कातर चालवली होती. नवा तुकडा जोडणं तुला एका मिनिटाचं काम होतं, तू जोडला नाहीस, नाहीतर तुला कळल्याचं मला कळलं असतं. आणि तो कापलेला तुकडा तर वर्षभर माझ्या दप्तराला होता, ते दप्तर रोज सकाळी तूच माझ्या खांद्यावर चढवत होतीस. मी शिडीवर उभी राहून रडले. पोरगी खालून शिडी धरून उभी होती.

तिनं त्याच दिवशी चौकटीतली पाटी काढली आणि कागदावर हातानं लिहून लावली. तोरणं कोण करत होतं, फुलं कुठून यायची, माप कशावरून घ्यायचं, आणि तुझं पूर्ण नाव. ट्रस्टी पक्की पाटी करतील म्हणाली. मी म्हटलं, नाही केली तर मी दर आठवड्याला येईन, बसचा पास काढीन. ती हसली, पण मी हसले नाही. पुढच्या दिवाळीला नऊ दारांची खरी तोरणं मीच करणार आहे, तेही तिला सांगून ठेवलं. काचेच्या पेटीत ठेवायला आठ सुतळ्या दिल्या. हिरवी मागितली तिनं, मी दिली नाही.

हे पत्र आता हिरव्या चिंधीच्या सुतळीबरोबर तुझ्या पेटीतच जाईल. फक्त एक राहिलं. त्या पायरीवर मी सगळ्यांना सांगितलं, की लहान होते, समजत नव्हतं. माय, समजत होतं. हिरवी चिंधी कोणत्या दाराची हे मला पाठ होतं. त्यांचं तोरण दोन विती कमी झालं, तर तेवढी फुलं आपल्या दाराला उरतील, असा मी हिशेब केला होता.