माईंची मलमपट्टी

सोमवार, ४ जानेवारी १९५४
आज राजारामपुरीतल्या बालाश्रयात रुजू झाले. पुण्याचं शिक्षण संपवून ही पहिलीच नोकरी. स्वतंत्र खोली, खिडकीशी रायआवळा! इथे दहा मुलं आहेत. मारझोड, उपासमार यांतून सोडवलेली. कोर्टाचा निकाल होईपर्यंत इथेच राहतात. स्वयंपाकीण धोंडुबाईच्या आमटीने डोळ्यांतून पाणी काढलं, मुलं खदखदून हसली. मुख्य काळजीवाहक माई साठीच्या, मऊ हातांच्या. त्यांच्या हाताला गुण आहे असं सगळे सांगतात.

गुरुवार, ७ जानेवारी
पोलिसाने बसव्वाला आणलं. सात वर्षांची, सीमेकडची, कानडी बोलते. सावत्र आईने दंडावर तापलेलं उलथनं ठेवलं होतं. माईंनी तिला मांडीवर घेतलं तशी ती शांत झाली. मलमपट्टी रोज दुपारी एकला, दार लावून. मुलं आपणहून रांग लावतात. पट्टीला न रडणारी मुलं मी पहिल्यांदाच पाहिली.

गुरुवार, १४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ वाटताना एक गोष्ट लक्षात आली. इथल्या मुलांतल्या हौसाच्या गुडघ्याची जखम सात महिन्यांची आहे, तरी कालची वाटते. पू नाही, खपली नाही. गुलाबी, ओलं मांस. सगळ्यांचं तसंच. पट्ट्या धुवायला घेतल्या तर मलमाचा वास नाही. तान्ह्या बाळाच्या लाळेऱ्यासारखा आंबूस वास. कपाटातल्या मलमाच्या डब्या गंजल्यात, एकही उघडलेली नाही.

मंगळवार, १९ जानेवारी
एक वाजता फटीतून पाहिलं. माई बसव्वाचा दंड चाटत होत्या. सावकाश, डोळे मिटून, गाय वासराला चाटते तशा. आलेली खपली दातांनी उचलून त्यांनी चघळली. हनुवटीवर ओघळ आला. तो बोटाने पुसून तेही चाटलं.
मोरीत जाऊन ओकले. अजून तोंडाला चव आहे.

बुधवार, २० जानेवारी
संस्थेचे चिटणीस गणपतराव यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, पुण्याच्या शिकलेल्या मुलींना किळस फार. धोंडुबाईला विचारलं तर ती ओरडलीच, "पोरं रडत न्हाईत, मग तुमचं काय दुखतंय?"
हौसा मात्र जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, माई चाटत्यात तवा दुखत न्हाय. आयनं तर कधी हात बी लावला न्हवता की."
रात्री बसव्वाचे कागद काढून नातेवाइकांचा पत्ता शोधला.

शुक्रवार, २२ जानेवारी
विळीवर उजव्या हाताचं बोट कापलं. मी ओरडायच्या आत माईंनी ते तोंडात घातलं. जीभ खरखरीत, गरम. कळ तत्क्षणी थांबली. साबणाने दहादा धुतलं. चिकटपणा जात नाही.

रविवार, २४ जानेवारी
बसव्वाच्या दोड्डव्वाला, म्हणजे थोरल्या मावशीला, गडहिंग्लजला पत्र टाकलं होतं. ती आज आली. शांतादेवी नाव. गणपतराव गावात नाहीत. मीच सही करून मुलगी तिच्या हवाली केली. एस.टी.त चढताना बसव्वा "माई, माई" म्हणून किंचाळत होती. मला चावली. तरी पाठवली.

मंगळवार, २ फेब्रुवारी
मावशीचं कार्ड आलं. जखमेवर खपली धरली! म्हणजे इथून बाहेर पडलं की भरतं. उद्या सकाळी तीन टांगे सांगितलेत. दहाही मुलांना दवाखान्यात नेणार.
माझं बोट — अकरा दिवस झाले. अजून ओलं. आत पांढरं काहीतरी दिसतं. ठणका थांबत नाही.

बुधवार, ३ फेब्रुवारी
टांगे रिकामे गेले. एकही मूल चढलं नाही. सगळी माईंच्या पदराआड. हौसाने मला दगड मारला.
माई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बाळ, हात किती सुजलाय तुझा."

दुपारी, एक —
डाव्या हाताने लिहितेय. उजवा उचलत नाही. कळ खांद्यापर्यंत —
रांग लागलीय. मी रांगेत नाही. नुसती दाराशी उभी —
वास येतोय. शी —
हौसा बाजूला सरकली. मला जागा —
नाही. मी जाणार नाही. मी फक्त बोटाची पट्टी सोडून बघ—