वारेवरचा पडदा

बडनेरा, रविवार

प्रिय नाजू,

कुंदन उद्या झेंडूच्या गाडीबरोबर अकोल्याला येतोय, त्याच्या हाती हे देते. फोन केला असता, पण आई माझ्याजवळून हलत नाही. बाळ अजून आडवंच आहे, म्हणून बुधवारी सिझेरियन ठरलं. आईने न्हाणीमागे जास्वंदीखाली खड्डा खणून ठेवलाय. नवं मडकं, हळद, कुंकू, सगळं तयार. माझी आणि माझ्या या भावाची, कुंदनची, जन्मावेळी पडलेली वार तिथेच पुरलेली आहे.

तिथे यंदा काही पुरायचं नाही, हे मी तिला परवा सांगितलं. वारेच्या आतल्या बाजूला पातळ, पारदर्शक पडदा असतो. डॉक्टरीणबाईंनी तो डोळ्यांच्या दवाखान्यासाठी मागितला आणि मी लगेच हो म्हटलं. तुला वेगळं काय सांगू? तुझ्या लेकीने, तुबाने, आजोबांची चुन्याची पुडी दाबली, चुना डोळ्यात उडाला, तेव्हा असाच पडदा तिच्या बुबुळावर शिवला होता. बाहेर बाकावर तू म्हणालीस, "कोण्या मायचा हाय, नावबी माहीत नाही. दुआ तरी कोनाच्या नावानं मागू?"

आईला तुबाचंही सांगितलं. ती म्हणाली, "त्या पोरीचं भलं झालं, चांगलं झालं. पन लेकराचा आधा जीव वारेत रायते वं. तुह्या लेकराचा काहून देतं? शिकली तं लई अक्कल आली का?" मी हसले. राजापेठेतल्या क्लासमध्ये मुलांना पेशीपटल शिकवणारी मी, हसण्यावारी नेलं. पण तेव्हापासून हात पोटावरच असतो. काल दुपारी बाळ बराच वेळ गप्प होतं. गूळ खाल्ला, कुशीवर झाले, तरी हालचाल नाही. मनात म्हटलं, नको, पुरू दे आईला, पुरू दे. तेवढ्यात लाथ बसली. मी रडले, आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

डॉक्टरीणबाई म्हणतात, सगळं नीट होईल. पण नाही झालं तर आई म्हणेल, "तू वार देली म्हनून." आणि नाजू, त्या वेळी मला ते खरं वाटेल. ऑपरेशनपेक्षा मला याची जास्त भीती वाटते. म्हणून आजच लिहून ठेवतेय. तसं काही झालंच तर ये, आणि माझंच हे अक्षर मला वाचून दाखव. सांग, की मी शुद्धीवर होते, खूप घाबरले होते, आणि तरी माझा होकार कायम ठेवला होता.

वाट बघणारी, तुझीच
गीतांजली